मागच्या फळीवरची साक्ष

१

भरमाअण्णा कारकुनांनी वकिलांच्या कॉम्प्युटरच्या डब्याचं डावं झाकण काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि आत हात घालून चाचपलं. कणगीच्या तळाला काही उरलंय का बघावं तसं.

"पोरी," ते म्हणाले, "ह्यात डिस्कच न्हाय."

रचना दारात उभी होती. कडेवर साडेतीन महिन्यांचं बाळ, खांद्याला दुपट्यांची पिशवी. हिंडलग्याहून बेळगावात मारुती गल्लीपर्यंत येताना बाळ झोपलं होतं. आता नेमकं जागं झालं.

"न्हाय म्हंजे?"

"म्हंजे कुणीतरी काढून नेली. बघ, वायरी तशाच लोंबताहेत."

तिनं बघितलं. डिस्कची जागा मोकळी होती, पडलेल्या दातासारखी.

शनिवारी दुपारी चार वाजता ॲडव्होकेट गोपाळरावांचा फोन आला होता. "पोरी, तुझ्या नवऱ्याचा लॉरीवाला सापडला. आत्ताच त्याचं सगळं टिपून घेतलंय. सोमवारी अकराला ये, तीनला जामिनाची सुनावणी आहे. बाळालाही आण." आणि त्याच संध्याकाळी गोपाळराव याच खोलीत कोसळले. आता ते दवाखान्यात होते, उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. त्यांनी टिपलेलं सगळं त्या डिस्कवर होतं.

चार महिने रचना एकच गोष्ट सांगत आली होती. नोव्हेंबरात बेळगुंदीच्या काजू-गोदामात चोरी झाली. रखवालदार मारुतीराव डोक्यात घाव बसून गेले. वेळ संध्याकाळी सातची. गोदामाचा टेंपो चालवायचा आदर्श, तिचा नवरा. त्याचा मोबाइल गोदामात चार्जिंगला लावलेला सापडला आणि पोलिसांनी त्यालाच उचललं. टेंपो त्या वेळी पार कोगनोळीजवळ होता, हे टोलच्या नोंदीत होतं. पण टेंपो कोण चालवत होतं हे नोंदीत नसतं, आणि कॅमेऱ्यात काचेवरचा उजेड तेवढा दिसत होता. पोलीस म्हणाले, टेंपो दुसऱ्याच्या हाती देऊन हा मागं राहिला.

आदर्श म्हणत होता, कोगनोळीच्या अलीकडं चाक पंक्चर झालं. एक कानडी लॉरीवाला थांबला, त्यानं जॅक दिला, कागदावर नंबरही लिहून दिला. पण तो कागद टेंपोतच राहिला आणि पुढं कुणाला सापडला नाही. त्यानं आदर्शचं तोंड बघितलं होतं. बघणारा सबंध जगात तेवढा एकच.

"फाइल कागदावर असेल की," रचना म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात मागं खडखडाट झाला आणि खोलीतला उजेड अर्धा झाला. गोपाळरावांची ज्युनिअर चिन्मयी हिनं शटर खाली ओढलं होतं. किल्ली तिनं पर्समध्ये टाकली.

"डिस्कचा छडा लागेपर्यंत इथून कुणी बाहेर जायचं नाही," ती म्हणाली. ती बघत होती भरमाअण्णांकडं.

२

खोली दहा बाय पंधराची. एक पंखा, तोही दमेकरी. कपाटांच्या मागं एक अरुंद बोळ होता, तिथं रचना बाळाला पाजायला बसली. एक पाय लांब करायचा तर दुसरा दुमडावा लागत होता. या चार महिन्यांत सगळ्या जागा अशाच लहान झाल्या होत्या. माहेरच्या गच्चीवर दुपटी वाळत घालायला गेलं की समोर तुरुंगाची भिंत. आदर्श भिंतीच्या आत, ती भिंतीच्या बाहेर, आणि कोण जास्त कोंडलंय हे काही केल्या ठरत नव्हतं. बाळाचं बारसंही झालं नव्हतं. बापानं कानात नाव सांगितल्याशिवाय पाळण्यात घालायचं नाही, असं तिनंच हट्टानं ठरवलं होतं.

भरमाअण्णा कपाटापलीकडं स्टुलावर पाठ करून बसले.

"सव्वीस वर्षं हितं हाय मी," ते हळूच म्हणाले. "आणि ही कालची पोरगी माझ्याकडं चोर म्हणून बघती."

"अण्णा, मी तसं बघत न्हाय. पण मला सांगा. किल्ल्या कुणाकडं?"

"साहेबांकडं, माझ्याकडं, ह्या ताईकडं. साहेब पडल्यापासनं त्यांची किल्ली अनयदादाकडं." अनय म्हणजे गोपाळरावांचा मुलगा. "शनिवारी पाचला मी घरी गेलो तवा साहेब टाइप करतच हुते. सहाला दादा त्यांना न्यायला आला, तर साहेब खाली पडलेले. रविवारी सकाळी मी झाडलोट करून गेलो, दुपारी ही ताई कागद न्यायला आलती. आज मशीन लावलं तर सुरूच हुईना."

"म्हंजे तिघंही येऊन गेलासा. साहेबांनी कागदावर काहीच लिहिलं नसंल?"

"छ्या! टेबलावरचा कागद येणारा-जाणारा वाचतो म्हणून साहेब पेनला हातच लावत न्हाईत. थेट मशीनवर. आणि फोन करणार त्या लँडलाइनवरनं. मोबाइलनं कान तापतो म्हणत्यात. त्याच्यात नंबर कुठला उमटायला?"

टेलिफोनच्या ऑफिसातून यादी मिळायला आठवडा जाईल. सुनावणी तीनला होती. जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, आज दुसऱ्यांदा गेला की पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. आदर्शला तोवर बाळाचा चेहरा जाळीतूनच बघावा लागणार.

"मशीन लई जुनं हाय न्हवं?" तिनं विचारलं. लग्नाआधी दोन वर्षं ती खडेबाजारातल्या रवळूमामांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. मशीन दिसलं की हात शिवशिवायचे.

"जुनं तर जुनं. साहेब एका वेळी चाळीस-चाळीस निकाल उघडून बसणार आणि मशीन आडून बसणार म्हशीगत. मग खंडेनवमीला पूजेच्या आधी मी आणि ह्या ताईनं मिळून ते रिक्षातनं रवळूकडं नेलं. त्यानं काय जादू केली कुणास ठाऊक, तवापासनं पळतंय घोड्यावानी. पर घरी सांगू नको म्हणाले साहेब. अनयदादा मागं लागलेला, नवीन घ्या, नवीन घ्या. जुनंच ठोकून आणलं कळलं असतं तर बोलणी बसली असती."

बाळ पिता पिता थांबलं आणि पंख्याकडं बघू लागलं. रचनानं त्याचं तोंड पुसलं.

"रवळूमामांनी केलं व्हय," ती पुटपुटली. काहीतरी डोक्याच्या मागं हललं, पण हाती लागायच्या आत कुणीतरी बाहेरून शटरवर जोरजोरात थापा मारू लागलं.

३

चिन्मयीनं शटर हातभर उचललं. वाकून आत आला तो अनय. दोन दिवस दाढी नाही, डोळे लाल. हातात काजूचं पाकीट आणि एक पुठ्ठ्याचा खोका. शटर पुन्हा खाली आलं.

"हे काय, आम्हाला पण कोंडून घालणार?" तो हसायला गेला, पण ते हसू काही जमलं नाही. मग त्याला रचना दिसली. "अरे, तुम्ही. बाळंतीण बाईनं काजू खावेत." त्यानं पाकीट तिच्यापुढं टेबलावर ठेवलं.

पाकिटावर हिरवा पोपट होता. तोच पोपट आदर्शच्या कामाच्या शर्टावर होता, खिशावर शिवलेला. रचनानं पाकिटाला हात लावला नाही.

"साहेब कसे आहेत?" चिन्मयीनं विचारलं.

"तसेच. डोळे उघडे आहेत, पण..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हे बघ, भरमाअण्णांचा सकाळी फोन आला, मशीन सुरूच होईना म्हणाले. डिस्क गेली असेल वाटलं, म्हणून नवीन घेऊन आलोय. सगळं भरून दिलंय दुकानदारानं. लावली की ऑफिस चालू."

"डिस्क चोरीला गेलीय, अनय. आणि तू ऑफिस चालू करायला निघालास?"

"मग काय रडत बसू? तू रविवारी इथं एकटी होतीस, मी काही बोललो का?"

चिन्मयी ताडकन उठली. "मी? आदर्शची केस मी चार महिने रात्रंदिवस—"

"ताई," रचना मध्येच म्हणाली. बाळाला तिनं खांद्यावर घेतलं होतं, पाठीवर थोपटत होती. "एवढंच सांगा, मशीन आता अडकतं का?"

चिन्मयीला प्रश्नाचा रोख कळला नाही. "नाही. दसऱ्याला मीच आणलं ना रवळूंकडून. जास्तीची मेमरी या जुन्या मशीनला मिळत नाही, म्हणून त्यांनी काहीतरी छोटं आत बसवलं. मला समजावून सांगत होते तासभर, माझ्या काही डोक्यात शिरलं नाही. का गं?"

"उगीच. आणि अनयदादा, तुमी?"

"मी काय?"

"तुमी कधी बसलासा ह्या मशीनवर?"

"दोन वर्षांत शिवलोसुद्धा नाही. बाबा आपल्या खुर्चीत कुणाला बसू देतात होय?" तो खाली वाकून खोक्यातून डिस्क काढू लागला. "आणि डिस्क चोरायला कशाला पाहिजे, तशी ती जाणारच होती. एवढ्या फाइली उघड्या ठेवून जरासुद्धा अडकत नाही म्हणजे डिस्क तेज असेल, पण तेज वस्तू टिकते थोडीच?"

त्यानं नवी डिस्क वायरींना जोडली. झाकण तसंच उघडं ठेवून डबा सरळ करायला त्यानं तो फिरवला आणि उजवी बाजू रचनापुढं आली.

उजव्या झाकणाच्या दोन स्क्रूंवर लाल ठिपके होते. नेलपॉलिशचे. सुकलेले, न तडकलेले.

रवळूमामांची खूण. आपण उघडलेल्या प्रत्येक स्क्रूवर मामा नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे, मागनं दुसऱ्या कुणी हात घातला तर कळावं म्हणून. बाटली त्यांच्या बायकोची, मालुबाईची. त्या बाटलीवरून दुकानात दर आठवड्याला भांडण ठरलेलं. डावीकडच्या स्क्रूंवरचे ठिपके कुणीतरी फोडले होते. उजवीकडचे शाबूत होते.

मघापासून डोक्याच्या मागं हलत होतं ते एकदम पुढं आलं.

अनयचं बोट बटणाकडं जात होतं.

"हात काढा!" रचना एवढ्यानं ओरडली की बाळ दचकून रडायला लागलं. "बटन दाबू नका! दाबलंसा तर माझा माणूस जन्माचा गेला!"

४

रवळूमामा वीस मिनिटांत आले. शर्टाच्या खिशात चार स्क्रू-ड्रायव्हर, काखेत लॅपटॉप. शटरखालून सरपटत आत येताना म्हणाले, "काय गं रचना, वकिलाच्या हापिसात येऊन पण तू मला जमिनीवरनंच चालाय लावतीस की!" मग तिचा चेहरा बघून त्यांनी लगेच उजवीकडचे ठिपके नखानं खरवडले.

झाकण निघालं. आत, पत्र्याच्या मागच्या बाजूला, दुहेरी चिकटपट्टीनं लावलेला एक काळा चपटा तुकडा होता, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा.

"हे काय?" चिन्मयीनं विचारलं.

"एसएसडी. जुनी, बारकी. डिस्कच हाय, पर हिच्यात फाइल ठेवत न्हाईत."

"मग?"

मामांनी रचनाकडं बोट दाखवलं. "हिला इचारा. दुकानात गिऱ्हाइकाला हीच समजावून सांगायची, माझं बोलणं कुणाला कळायचं न्हाय."

रचनानं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"ताई, स्वैपाकाचा ओटा असतो न्हवं, तशी मशीनची मेमरी. काम सगळं ओट्यावर. डिस्क म्हंजे कोठीची खोली, जे ठेवायचं ते तिथं. ह्या मशीनचा ओटा लई लहान. साहेब चाळीस भांडी मांडणार, मग मशीन काय करतं, आत्ता लागत नसलेलं भांडं उचलून मागच्या फळीवर ठेवतं, आणि लागलं की परत घेतं. त्या फळीला स्वॅप म्हणायचं. पूर्वी ही फळी मोठ्या डिस्कवरच हुती. ती डिस्क फिरती, जुन्या चालीची. भांडं काढा-ठेवायला उठबस लई. म्हणून मशीन आडायचं. मामा ती फळीच उचलून एसएसडीवर नेतात. तिथं काही फिरत न्हाय, क्षणात मिळतं."

"म्हणजे कामासाठी एक डिस्क आणि फळीसाठी दुसरी?"

"एसएसडी सारखं लिहून लिहून झिजती," मामा म्हणाले. "लोक म्हणत्यात तिच्यावर स्वॅप ठेवू नये. मी म्हणतो, सेकंडहँड बारकी घ्या, झिजली तर ती एकटी मरंल, साहेबांच्या फाइली कोठीत सुखरूप."

"मग बटण दाबू नका म्हणून एवढं ओरडायचं कारण?" अनयनं विचारलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"मशीन बंद झालं तरी फळी कुणी पुसत न्हाय," रचना म्हणाली. "मशीन नुसतं विसरतं की तिथं काय ठेवलंय. भांडी तशीच राहतात. पण नवी डिस्क लावून चालू केलं असतं तर तिच्यातल्या सिस्टीमनं ही फळी आपली म्हणून घेतली असती. एसएसडीला सांगितलं असतं, सगळं मोकळं कर. मग काय उरलं नसतं."

पंखा तेवढा कुरकुरत होता.

चिन्मयीनं मोबाइलवर चित्रण सुरू केलं. "आधी हिची जशीच्या तशी नक्कल करायची," ती म्हणाली. "मूळ तुकडा कोर्टात जाईल. शोधायचं ते नकलेत." ती आता वकील झाली होती, आणि रचनाला ती पहिल्यांदाच आवडली.

मामांनी तुकडा लॅपटॉपला जोडला. फक्त वाचायचा, लिहायचा नाही, असं दोनदा बजावून. पट्टी हळूहळू सरकू लागली. बारा वाजून पाच मिनिटं.

"मी दवाखान्यात जाऊन येतो," अनय म्हणाला. "बाबा एकटे आहेत. शटर उघड, चिन्मयी."

चिन्मयीनं किल्ली काढली.

"त्यांना जाऊ देऊ नका, ताई," रचना म्हणाली.

५

"हिचं डोकं फिरलंय," अनय म्हणाला. "नवरा आत गेला की माणसाचं असंच होतं."

"व्हय, फिरलंय," रचना म्हणाली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, त्यामुळं आवाज चढवायची सोय नव्हती. सगळं ती अंगाई म्हणावी तेवढ्याच आवाजात बोलली. "पण थोडं ऐका. चोरानं मोठी डिस्क नेली, हे बारकं ठेवलं. का? त्याला ठाऊकच नव्हतं म्हणून. भरमाअण्णा आणि ताई दोघं मिळून मशीन रवळूमामांकडं घेऊन गेलते. आत काहीतरी बसवलंय हे दोघांनाही ठाऊक. डिस्क काढून पुरावा मोडायचा असता तर त्या दोघांनी ते काहीतरी पण उपटलं असतं. निदान उजवं झाकण उघडून बघितलं असतं. ठिपके फुटलेले न्हाईत."

"मग मलाही ठाऊक नव्हतं, आणि गल्लीतल्या चहावाल्यालाही नव्हतं. पकडा त्याला."

"चहावाल्याला हे पण ठाऊक न्हाय की मशीन आता अडकत न्हाय. तुमाला हाय."

अनयचा हात शटरच्या कडीवर होता. तो तिथंच राहिला.

"दोन वर्षांत शिवलो न्हाय म्हणालासा. दोन वर्षांमागं मशीन म्हशीगत बसायचं. दुरुस्त झालं दसऱ्याला, आणि साहेबांनी घरी सांगायचं न्हाय म्हणून अण्णांना शपथ घातली, तुमी बोलाल म्हणून. मग जरासुद्धा अडकत न्हाय हे तुमी कधी बघितलासा? आणि बघून तुमाला वाटलं डिस्क तेज हाय म्हणून. पळतंय हे माहीत, का पळतंय ते माहीत न्हाय. असा माणूस ह्या खोलीत एकच हाय, अनयदादा."

भरमाअण्णा स्टुलावरून उठले. सव्वीस वर्षांत त्यांनी मालकाच्या मुलाकडं असं बघितलं नव्हतं.

"बाबांनी सांगितलं असेल कधीतरी," अनय म्हणाला. पण ते त्यानं भिंतीला सांगितलं.

"झाली नक्कल," मामा म्हणाले. "काय शोधू?"

"कोगनोळी," चिन्मयी म्हणाली.

पडद्यावर ओळीच ओळी धावल्या. जामिनाचा जुना अर्ज, त्याचे तुकडे, पुन्हा तोच अर्ज. मामा खाली खाली जात राहिले. "पन्नासदा हाय. सगळं जुनंच. फळीवर सगळी भांडी राहतीलच असं न्हाय गं, रचना. काहींवर दुसरं ठेवलं जातं."

साडेबारा. रचनानं डोळे मिटले. जाळीपलीकडचा आदर्श आठवला, कानाला फोन लावून त्या दिवसाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारा. त्या माणसानं जॅक दिला, मग डबा उघडला. बायकोनं सणाचं बांधून दिलंय म्हणाला, आपल्याकडची पुरणपोळीच, अर्धी मोडून दिली मला... हे पोलिसांच्या कागदात नव्हतं. अर्जातही नव्हतं. असल्या गोष्टी अर्जात घालत नाहीत.

"मामा, होळिगे शोधा."

"काय?"

"होळिगे. कानडी माणूस पुरणपोळीला तेच म्हणणार, आणि साहेब समोरचा बोलंल तसं टाइप करतात."

एकच जागा सापडली. मामांनी चष्मा सावरून वाचलं.

"...त्या इसमास मी अर्धी होळिगे दिली. त्याचा टेंपो पंक्चर होता व तो एकटाच होता. बायकोचे दिवस भरत आले आहेत म्हणून तो घाईत होता. मी माझा नंबर कागदावर लिहून दिला व बाळ झाले की फोन कर असे सांगितले. तो चेहरा मी ओळखीन. माझा नंबर..." पुढं दहा आकडे होते. नाव मात्र पान फाटावं तसं अर्धंच उरलं होतं, "लिंगप्पा" एवढं.

रचना खाली बसली.

"थांबा," मामा म्हणाले. "हितं खाली आणि एक हाय. हे साहेबांचं न्हाय." त्यांचा आवाज बदलला. "इंटरनेटवरनं पाठवलेला निरोप दिसतोय. ऋग्वेद नावाच्या माणसाला. 'फाइल मिळाली. ड्रायव्हरचा नंबर खाली देतो. दुसरी कॉपी नाही, डिस्कच काढून घेतो.' पाठवणारा..."

"पुरे," अनय म्हणाला.

ऋग्वेद म्हणजे काजू-गोदामाच्या मालकाचा मुलगा. पाकिटावरचा पोपट त्यांचाच.

अनय शटरला पाठ लावून हळूहळू खाली सरकला आणि जमिनीवर बसला. "आम्ही दोघं मिळून परदेशात माल पाठवणार होतो. त्यानं बापाच्या नकळत माल आधीच विकला आणि चोरी दाखवली. म्हातारा रखवालदार मध्ये आला. मी तिथं नव्हतो, आईशप्पथ नव्हतो. तो म्हणाला, तुझ्या बाबांची फाइल तेवढी जाऊ दे." त्यानं तोंडावर हात घेतले. "शनिवारी बाबांना म्हटलं, बाहेर जाऊन चहा घ्या. ते चष्मा विसरले म्हणून परत आले. डिस्क माझ्या हातात होती. काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले, आणि पडले. अजून तसेच बघतात."

भरमाअण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला. रचनाला वाटलं ते तो अनयच्या डोक्यात घालतात की काय. त्यांनी तो त्याच्यापुढं ठेवला आणि तोंड फिरवलं.

"नंबर ऋग्वेदकडं दोन दिवस आहे," चिन्मयी म्हणाली. ती पांढरी पडली होती. "त्यानं आतापर्यंत त्या माणसाला गप्प केलं असेल. रचना, फोन लाव."

६

रिंग वाजत राहिली. बंद झाली. रचनानं पुन्हा लावला. बाळ चिन्मयीच्या मांडीवर होतं, तिच्या काळ्या कोटाचं बटण तोंडात घालायचा प्रयत्न करत होतं.

पाचव्या रिंगला फोन उचलला गेला. मागं इंजिनाची घरघर.

"यारु?" कोण, असं एका घोगऱ्या आवाजानं विचारलं. आणि तिनं तोंड उघडायच्या आत तो माणूस उसळला. अर्धं कानडी, अर्धं मोडकं मराठी. "पुन्हा फोन? दोन दिवस झालं, तेच तेच. कोर्टाला जाऊ नको, कुणाला भेटू नको. नाव सांग म्हटलं तर सांगत नाही. मी एकच विचारलं तुमच्या माणसाला, त्या पोराचं बाळ झालं काय? तेपण त्याला माहीत नाही! मग तू कोण सांगणार मला? ठेव फोन!"

"अण्णा," रचना म्हणाली. तिला सांगायचं होतं की मी आदर्शची बायको, आज तीनला सुनावणी आहे, पाया पडते. मनात जुळवलेलं ते सगळं राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं. "अण्णा, बाळ झालं."

पलीकडं इंजिन बंद झालं.

मग तोच आवाज आला, पण एवढा मऊ की रचनाला आधी तो दुसराच माणूस वाटला.

"गंडो, हेण्णो?"

मुलगा की मुलगी. एवढं कानडी बेळगावात कुणालाही कळतं.

"हेण्णु," ती म्हणाली. "मुलगी."

"लक्ष्मी बंदळु," तो म्हणाला. लक्ष्मी आली. "मी रोज बघायचो, आज फोन येईल, उद्या येईल. बायकोला म्हटलं, पोरगा विसरला. विसरला नाही ना? वकिलानं नुसतं काय बघितलं ते विचारलं, बाकी उद्या सांगतो म्हणाला, मग त्याचा फोनच नाही. कुठाय तो? त्याला दे फोन."

"तो आत हाय, अण्णा. तुमी आलासा तरच बाहेर यील."

तिनं सांगितलं. चार वाक्यांत सगळं.

"मी हुबळीच्या यार्डात आहे," शेवटी तो म्हणाला. "लॉरीला तीन तास लागतील. मालकाची मोटारसायकल घेतो. कोर्ट कुठलं, किती वाजता?"

चिन्मयीनं फोन मान वाकवून खांद्याशी धरला आणि पत्ता सांगू लागली, एका हातानं बाळ सांभाळत, दुसऱ्या हातानं पोलिसांचा नंबर शोधत. एक वाजायला दहा मिनिटं होती.

भरमाअण्णांनी पर्समधली किल्ली मागून घेतली. अनय बाजूला सरकला, कुणाकडं न बघता. शटर वर गेलं आणि मारुती गल्लीचं ऊन एकदम टेबलापर्यंत आलं. बाळानं डोळे गच्च मिटले, मग एक उघडला.

"रडत न्हाय की," रवळूमामा म्हणाले. "नाव काय हिचं?"

"अजून ठेवलं न्हाय," रचना म्हणाली. तिनं लेकीला घेतलं, डोक्यावर टोपरं ओढलं. "संध्याकाळी हिच्या बापाला इचारून सांगते."